गोदूच्या गुडघ्यातले वंगण

श्रीवर्धनच्या एका महिला मंडळाने मंगळागौरीच्या खेळांच्या स्पर्धेत यंदा प्रथमच पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांचा स्वतंत्र गट ठेवला आहे, हे वर्तमान घेऊन मनुबाई धापा टाकीत आल्या, तेव्हा गोदावरीबाई फणसाच्या आठळ्या सोलीत बसल्या होत्या. बसल्या होत्या त्या खुर्चीवर, कारण जमिनीवर बसणे त्यांनी दोन वर्षांपूर्वीच सोडले होते.

"गोदू, सुटलो!" मनुबाई अंगणातूनच ओरडल्या. "आता त्या बँकेतल्या पोरींशी झुंजायला नको. म्हाताऱ्यांनी म्हाताऱ्यांशी भांडायचं!"

"म्हातारी तू. मी नाही," असे म्हणत गोदावरीबाई मांडीवरच्या परातीचे भान न राखता उठल्या. परात पडली, आठळ्या ओसरीभर झाल्या, आणि त्यांच्या डाव्या गुडघ्यातून सुकलेल्या झावळीवर पाय पडावा तसा आवाज आला.

"आई गं!"

एवढ्या दोन शब्दांनी दोघींच्याही चेहऱ्यांवरचा उल्हास जागच्या जागी थिजला.

या दोघी एकाच वैशाखात लग्न होऊन दिवेआगरात आल्या होत्या आणि एकीच्या वाडीच्या कुंपणाला दुसरीच्या वाडीचे कुंपण लागून होते. पहिल्या श्रावणात दोघींनी एकमेकींचे हात धरून जी उभी फुगडी घातली, ती पुढे इतकी नावाजली की बोर्ली पंचतनच्या बायका ती पाहण्यासाठी पावसात छत्र्या घेऊन येत. परंतु स्पर्धांचे युग सुरू झाले आणि रंगमंचावर एकरंगी नऊवारी नेसलेल्या, ध्वनिमुद्रित संगीतावर पावले टाकणाऱ्या तरुणींचे राज्य आले. गेली कित्येक वर्षे या दोघींच्या वाट्याला मागच्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवण्याखेरीज काही उरले नव्हते. आता प्रथमच बरोबरीची झुंज व्हायची होती, आणि अट एकच होती: गटात आठजणी हव्यात, एकही कमी चालणार नाही.

गावात पन्नाशीपुढच्या आणि खेळू शकणाऱ्या बायका मोजल्या. एक मुलाकडे पुण्याला गेलेली, एकीच्या मोतीबिंदूवर नुकतीच शस्त्रक्रिया झालेली, एकीचा श्वास भरून येणारा. उलटसुलट कशीही मोजणी केली तरी गोदावरीबाई धरून आठच होत होत्या. त्या नसल्या तर दिवेआगरचा गट स्पर्धेत उतरूच शकत नव्हता.

गोदावरीबाईंचे यजमान श्रीवर्धनच्या न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. गाव त्यांना अण्णा म्हणे. आयुष्यभर दुसऱ्यांचे वाद फायलींत बांधून ठेवण्याचे काम केल्यामुळे असेल, पण निवृत्तीनंतर त्यांना स्वतःचे वाद घालण्याची अनावर हौस उत्पन्न झाली होती. पावसाचा अंदाज, नारळाची प्रत, शेजाऱ्याच्या कुत्र्याचे वय, कशावरही ते विरुद्ध बाजू घेऊ शकत. मात्र बायकोच्या गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे जायचे ठरले तेव्हा त्यांनी कोणताही आक्षेप घेतला नाही. आक्षेप दवाखान्यात उपस्थित झाला.

डॉक्टर निकेत हे माणगावचे अस्थिरोगतज्ज्ञ. दर गुरुवारी ते बोर्ली पंचतनला रुग्ण तपासत. त्यांनी क्ष-किरण चित्र उजेडासमोर धरले, दोन हाडांमधली अरुंद झालेली फट दाखवली आणि म्हणाले, "सांध्यात एक चिकट द्रव असतो, काकू. हाडं एकमेकांवर घासू नयेत म्हणून निसर्गानं घातलेलं वंगणच म्हणा. तुमच्यातलं पातळ झालंय, आणि हाडांच्या टोकांवरची कूर्चाही झिजलीय. मी त्या द्रवासारखंच औषध सुईनं सांध्यात सोडणार. हायल्युरॉनिक ॲसिड."

"ॲसिड?" अण्णा खुर्चीत पुढे सरकले. "गुडघ्यात?"

"नावापुरतं. लिंबाइतकंही आंबट नाही."

गोदावरीबाईंना रसायनशास्त्रात रस नव्हता. त्यांनी विचारले, "श्रावणातल्या तिसऱ्या मंगळवारी मला फुगडी घालता येईल का?"

डॉक्टर हसले, आणि बाई हसत नाहीत हे पाहून थांबले. "स्पष्ट सांगू? झिजलेली कूर्चा यानं परत उगवत नाही. काहींना महिनोन्महिने आराम पडतो, काहींना थोडा पडतो, काहींना मुळीच नाही. आम्हा डॉक्टरांतही यावर एकमत नाही. गुण दिसायला काही आठवडे जातात. बरोबर मांडीचे व्यायाम केलेत तर आशा जास्त. आणि उकिडवं बसायचं नाही. बैठी फुगडी, कोंबडा, असले खेळ बंद."

"आणि उभी?"

"आधी गुडघा काय म्हणतो ते पाहू."

डॉक्टर नाही म्हणाले नाहीत, एवढे गोदावरीबाईंना पुरे होते. त्या लगेच पुढच्या गुरुवारची वेळ पक्की करू लागल्या. डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, "अंड्याची किंवा कोंबडीची ॲलर्जी नाही ना?"

"अहो, जन्मात कधी खाल्लेलं नाही. बाधतं की नाही ते कळणार कसं?"

"हा प्रश्न आपण का विचारलात?" अण्णांचा आवाज न्यायालयीन झाला.

"मी जे औषध लिहितोय ते कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढतात. एकदाच टोचायचं, काम झालं. दुसरं एक मिळतं, जंतूंकडून आंबवून केलेलं, पण मी वापरतो त्याचे तीन डोस असतात, आठवड्याला एक. काकूंना घाई आहे म्हणून एका डोसचंच लिहितो. टोचल्यावर तासभर इथं बसवून लक्ष ठेवीन."

अण्णांनी चष्मा काढून पुसायला घेतला. बेचाळीस वर्षांच्या सहवासामुळे गोदावरीबाईंना ठाऊक होते की ही शांतता नव्हे, ही तयारी आहे.

रिक्षा बोर्लीच्या बाजारातून बाहेर पडताच तयारी पूर्ण झाली. "माझा आक्षेप औषधाला नाही," अण्णा म्हणाले, "मूळ द्रव्याला आहे. आपल्या घराण्यात आजवर कोंबडं शिरलेलं नाही."

"मी काय ते ताटात वाढून घेणार आहे? जिभेला लागणारसुद्धा नाही."

"जिभेला न लागता शरीरात गेलं म्हणून ते शाकाहारी होतं का? आणि फुगडी कशासाठी? मंगळागौरीसाठी. श्रावणातल्या व्रतासाठी कोंबड्याचा तुरा!"

रिक्षावाला विनेश हा भरडखोलच्या बाजूचा कोळी. त्याने आरशातून मागे पाहिले. "अण्णानू, आमच्यात गुडघा धरला का कोंबड्याचा रस्सा देतात. माझी आय पिते. काकू सुईनं घेतात, एवढाच फरक हाय. पोचायचं तिथंच हाय."

"तू पुढे बघ," अण्णा म्हणाले.

"त्याला कशाला गप्प करता? बरोबर बोलतोय तो," गोदावरीबाई म्हणाल्या. "बरं, मला सांगा, तुमचं पूजेचं सोवळं कशाचं आहे?"

"रेशमाचं."

"किडे जिवंत उकळून काढतात ते रेशीम. ते नेसून तुम्ही देवाला दूध घालता."

"ते मी बाहेरून नेसतो."

"मग गुडघा काय माझ्या पोटात आहे?"

"शास्त्रानं रेशीम पवित्र मानलेलं आहे, गोदू."

"मानणारच! शास्त्र लिहिणाऱ्यांना रेशीम नेसायचं होतं. त्यांचे गुडघे दुखले असते तर तुराही पवित्र झाला असता."

विनेश इतका हसला की रिक्षा रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात उतरून पुन्हा वर आली. अण्णांनी उरलेला रस्ता समुद्राच्या दिशेने पाहत काढला.

वादात हरलेला मनुष्य दोन गोष्टी करू शकतो: हार मानणे किंवा न्यायालय बदलणे. दुसऱ्या दिवशी अण्णा एकटेच बोर्लीला गेले. तेथे हेतलबेनचे औषधांचे दुकान होते आणि डॉक्टरांनी लिहिलेले औषध तिच्याकडूनच मागवायचे होते. अण्णांनी तिला त्या औषधाचे मूळ सांगितले. हेतलबेन जैन होती. तिने दोन्ही कानांना हात लावले.

"अरे बाप रे! कोंबडानी कलगी? अण्णा, मी तर समजली प्लॅस्टिकसारखं कायतरी असेल."

"दुसरं मिळतं. आंबवून केलेलं."

"मिळतं ना, एकदम चोख्खं. मुंबईहून येऊन जाईल. पण डॉक्टरसाहेबनी तर हे लिहिलंय."

"त्यांच्याशी बोलणं झालेलं आहे," अण्णा म्हणाले. बोलणे झाले होते हे खरेच होते. ते कशाविषयी झाले, एवढेच त्यांनी सांगितले नाही.

गुरुवारी गोदावरीबाई सणाला निघाल्यासारख्या नेसून निघाल्या. मनुबाईंनी कुंपणापलीकडून हात हलवला. "डोळे मिटून घे गं! आणि टोचून झाल्यावर लगेच नाचू नकोस."

दवाखान्यात डॉक्टर निकेत यांनी गुडघ्यावर तपकिरी औषध चोळले, हातमोजे चढवले आणि खोके उघडले. उघडताच त्यांचे हात थांबले. खोक्यात एका नळीऐवजी तीन होत्या.

"हे मी लिहिलेलं नाही."

"ते शुद्ध आहे," अण्णा म्हणाले. "वनस्पतीही नाही, प्राणीही नाही. शिवाय आपण ॲलर्जीची शंका काढली होती. ज्या गोष्टीची प्रचीती नाही ती शरीरात घालण्याचा धोका..."

"धोक्याचा मुद्दा चूक नाही तुमचा," डॉक्टर म्हणाले. "औषधही वाईट नाही. पण मला विचारायला हवं होतंत, अण्णा. याचे तीन डोस तीन आठवड्यांत. शेवटचा डोस गेला की श्रावण दाराशी येईल. त्यानंतर गुण यायला वेळ मिळायचा तो फारच थोडा. दुसरं खोकं आता मागवलं तर तेही पुढच्याच आठवड्यात येणार."

गोदावरीबाई टेबलावर आडव्या होत्या. त्यांनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिले. डोळ्यांत पाणी आले होते, पण त्यांनी ते पुसले नाही.

"आठजणी आहेत हो," त्या हळू म्हणाल्या. "माझ्या एकटीचा गुडघा असता तर तुम्ही गंगाजल टोचलं असतंत तरी चाललं असतं. सात बायका माझ्यावर अवलंबून आहेत." मग त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "टोचा. जे आहे ते टोचा. आजचा दिवस तरी कशाला घालवायचा?"

डॉक्टरांनी गुडघ्याच्या वाटीच्या कडेने सुई आत घातली, साठलेले थोडे पाणी काढून घेतले आणि त्याच वाटेने तो घट्ट, पारदर्शक द्रव सावकाश सोडला. गोदावरीबाईंनी डोळे मिटले नाहीत.

त्या दिवसापासून अण्णांना जी शिक्षा सुरू झाली, ती देण्यास फक्त बेचाळीस वर्षे संसार केलेली स्त्रीच समर्थ असते. गोदावरीबाईंनी अबोला धरला नाही. त्यांनी वाद घालणे बंद केले. अण्णा म्हणाले, "आमटीत मीठ कमी आहे," तर "बरं" म्हणून मिठाची बरणी पुढे आली. "यंदा सुपारीला बुरशी लागणार" या भविष्यावर उत्तर आले, "लागेल." एकदा तर केवळ वाद निघावा या हेतूने अण्णांनी बायकोच्या माहेरच्या मोदकांविषयी अतिशय अनुदार उद्गार काढले. "खरं आहे," असे म्हणून गोदावरीबाई वाडीत निघून गेल्या. त्या दिवशी अण्णांना जेवण गेले नाही.

प्रायश्चित्त म्हणून त्यांनी व्यायामाचे खाते स्वतःकडे घेतले. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, क्षणभर धरायचा, सावकाश खाली आणायचा, असे डॉक्टरांनी सांगितले होते, आणि आठवड्याभराने घोट्याला थोडे वजन बांधायला. अण्णांनी सालीसकट सुपारीची एक पिशवी शिवून घेतली, तिला दोन बंद लावले, आणि सकाळ-संध्याकाळ ते बायकोच्या पायाशी बसून ती बांधू लागले. न्यायालयात साक्षीदार हजर झाला की नाही हे ज्या काटेकोरपणे ते पाहत, त्याच काटेकोरपणे आता पाय पुरता सरळ झाला की नाही हे पाहत.

"अजून बोटभर वर."

"बरं."

"दुखतंय का?"

"असेल."

दर गुरुवारी विनेशची रिक्षा दारात येई. दुसऱ्या डोसानंतर गुडघा दोन दिवस सुजला आणि अण्णांनी डॉक्टरांना इतक्या वेळा दूरध्वनी केला की शेवटी त्यांनी उचलणे सोडले. "सूज येते थोडी, बर्फ लावा," हे उत्तर त्यांना आधीच मिळाले होते, परंतु अण्णांना ते अपुरे वाटत होते. तिसरा डोस झाला. आषाढ संपत आला. गुडघा मात्र काही म्हणायला तयार नव्हता.

इकडे मनुबाईंच्या पडवीत सराव सुरू झाला होता. सातजणी खेळत आणि आठवी खुर्चीत बसून त्यांच्या चुका काढी. कोंबड्याच्या खेळासाठी दोघी बावन्न वर्षांच्या, म्हणजे गटातल्या अगदी पोरसवदा, निवडल्या होत्या. त्या उकिडव्या उड्या मारू लागल्या की मनुबाई म्हणत, "गोदू, अण्णांनी मधे हात घातला नसता तर हा खेळ तूच खेळली असतीस. तुरा आतच असता!"

सगळ्या हसत, गोदावरीबाईही हसत. परंतु घरी परतताना कुंपणाच्या बेड्याच्या आडव्या बांबूवरून पाय टाकताना त्यांच्या तोंडून रोज "आई गं" निघे, आणि ओसरीत बसलेले अण्णा ते ऐकून मान खाली घालत.

श्रावण लागल्यानंतरच्या एका सकाळी पावसाने उघडीप दिली होती. गोदावरीबाई माळ्यावर ठेवलेली पत्रावळींची पाने काढायला शिडीने वर गेल्या आणि पानांचा भारा छातीशी धरून खाली उतरल्या. अण्णा वर्तमानपत्र वाचत होते. ते एकाएकी उठून उभे राहिले.

"गोदू!"

"काय झालं?"

"तू आत्ता आई गं म्हणाली नाहीस."

"म्हणाले असेन."

"नाही म्हणालीस. मी ऐकत होतो. वर चढताना नाही, उतरताना नाही, शेवटच्या पायरीवरसुद्धा नाही."

गोदावरीबाईंनी भारा खाली ठेवला. गुडघा एकदा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. मग पदर खोचून त्या शिडीच्या दोन पायऱ्या वर चढल्या आणि उतरल्या. अजून थोडे दुखत होते, पण त्या दुखण्याने ओरडायला लावण्याचा हक्क गमावला होता. त्यांचा चेहरा असा उजळला की अण्णांना आपण काहीसे क्षमेच्या जवळ आल्यासारखे वाटले, आणि त्यांनी घाई केली.

"हा गुण सुपारीच्या पिशवीचा."

"पिशवीचा?" गोदावरीबाई वळल्या. "तीन सुया माझ्या गुडघ्यात गेल्या, आणि गुण पिशवीचा?"

"डॉक्टर स्वतः म्हणाले होते, व्यायामानं आशा वाढते."

"आशा वाढते म्हणाले. वंगण पिशवीतून येतं असं म्हणाले नाहीत."

"तू औषधाचं नाव घेतेस तर ते औषध कोणी बदललं? मी बदललं."

"आणि उशीर कोणी केला? कोंबड्याचं घेतलं असतं तर मी आषाढातच शिडी चढले असते!"

"हा निव्वळ तर्क आहे. पुरावा काय?"

"आणि माझ्या माहेरचे मोदक! त्यांना काय म्हणाला होतात तुम्ही? विसरले नाहीये मी."

वाद दुपारच्या जेवणापर्यंत चालला आणि जेवणातही चालू राहिला. अण्णा दोन वेळा भात घेऊन जेवले.

डॉक्टर निकेत यांनी गुडघा पाहिला, दाबला, फिरवला. "औषध की व्यायाम, ते मला विचारू नका, मी तुमच्या घरच्या वादात पडत नाही," ते म्हणाले. "उभी फुगडी घाला. एकच. शेवटी. आणि दुखलं की थांबायचं." गोदावरीबाईंनी मान डोलावली. दुखलं की थांबायचं हा भाग त्यांनी कितपत ऐकला, हे सांगता येत नाही.

तिसरा मंगळवार आला. श्रीवर्धनचे सभागृह बायकांनी इतके भरले होते की नवऱ्यांना शेवटच्या दोन रांगा देण्यात आल्या होत्या, आणि त्याही उपकार म्हणून. पन्नाशीपुढचे पाच गट होते. म्हसळ्याच्या बायकांनी सूप असे नाचवले की छपरावरच्या पावसाचा आवाज ऐकू येईना. हरिहरेश्वरच्या गटात एक सत्तरीची बाई लाटणे घेऊन खेळली आणि सगळे सभागृह उभे राहिले. शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थाला अण्णांनी तीन वेळा सांगितले, "आमचा नंबर आता येईल हं."

दिवेआगरचे नाव पुकारले गेले. झिम्मा झाला, आगोटापागोटा झाला, दोघी बावन्नवाल्या कोंबडा खेळून टाळ्या घेऊन आल्या. गोदावरीबाई आणि मनुबाई या दोघी शेवटच्या फुगडीसाठी विंगेत थांबल्या होत्या. पदर खोचून झाले होते. तेवढ्यात मनुबाईंनी गोदावरीबाईंचा दंड धरला.

"गोदू, एक सांगायचंय."

"आत्ता?"

"माझा उजवा गुडघा गेलाय. शिमग्यापासून. तुझ्यापेक्षा वाईट आहे."

"मने! आणि तू हे आज सांगतेस?"

"आधी सांगून काय करणार होते? आठच होतो आपण. तुझा एक गुडघा सांभाळताना सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं, त्यात माझा कुठे काढू? सगळं गाव तुझ्या गुडघ्याकडे बघत होतं, त्याच्याआड माझा लपून गेला."

"गोळ्या खाऊन सराव केलास?"

"रोज."

बाहेर ढोलकीचा ठेका बदलला. तीच त्यांची खूण होती. गोदावरीबाईंना रडावे की रागवावे हे कळेना, आणि दोन्ही करायला वेळ नव्हता.

"खेळायचं नसेल तर आत्ता सांग," त्या म्हणाल्या. "मी पुढे जाऊन माफी मागते."

"गाढवासारखं बोलू नकोस. तुझा डावा, माझा उजवा. दोन चांगले उरतात की नाही? एका बाईला पुरतात."

"घट्ट धर मग."

"तू धर. माझी पकड अजून आहे तशी आहे."

दोघी प्रकाशात आल्या. समोरासमोर उभ्या राहिल्या, पावलांची टोके जुळवली, हातांची अढी घातली आणि अंगे मागे झुकवली. एकीचे वजन दुसरीच्या हातांत गेले. पहिला फेरा अगदी सावकाश गेला, जड रहाट सुरू व्हावा तसा. गोदावरीबाईंच्या गुडघ्यात एक कळ उठली, आणि समोर मनुबाईंचे ओठ आवळले गेलेले त्यांना दिसले. दुसऱ्या फेऱ्याला तोंडाची फुंकर लागली, फू, फू, आणि त्या तालाने पावले आपोआप उचलू लागली. शरीराने जे चाळीस श्रावण केले होते ते त्याला विचारावे लागले नाही. दिवे रेषा झाले. प्रेक्षक रेषा झाले. कळ होती, पण ती आता पाहुण्यासारखी एका कडेला अंग चोरून बसली होती.

"मने, ठीक?"

"बोलू नकोस. फिर."

वेग वाढला. पदर सुटून आडवा उडाला. सभागृहात कोणीतरी टाळ्यांचा ताल धरला आणि तो भिंतीपर्यंत गेला. शेवटून दुसऱ्या रांगेत एक निवृत्त अधीक्षक खुर्चीवर उभा राहिला आणि चारचौघांत, आयुष्यात प्रथमच, बायकोचे नाव घेऊन ओरडला, "गोदू! गोदू!" शेजारच्या अनोळखी गृहस्थाने पडू नये म्हणून त्यांचे धोतर धरून ठेवले.

वेळ संपल्याची घंटा वाजली.

"गोदू, घंटा," मनुबाई धापा टाकीत म्हणाल्या.

"थांबायचं?"

"तुला थांबायचंय?"

"नाही."

"मला पण नाही."

घंटा दुसऱ्यांदा वाजली. मग फेरे हळूहळू मोठे झाले, मंदावले, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून उभ्या राहिल्या, कारण सुटे उभे राहणे त्या घटकेला दोघींपैकी एकीलाही शक्य नव्हते. घोंगावणाऱ्या टाळ्यांत त्या एकमेकींच्या खांद्यात तोंड घालून हसत होत्या.

पहिला क्रमांक हरिहरेश्वरला मिळाला, दुसरा दिवेआगरला. दोन्ही गटांचे गुण सारखे होते, परंतु वेळेचे उल्लंघन केल्याबद्दल दिवेआगरचे गुण कापण्यात आले, असे परीक्षकांनी जाहीर केले. अण्णा गर्दीतून वाट काढीत विंगेपाशी आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत लढाईची चमक होती. खुर्च्यांवर दोघी मैत्रिणी पाय लांब करून बसल्या होत्या आणि बाकीच्या सहाजणी त्यांच्या गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या धरून होत्या.

"मी परीक्षकांना भेटतो," अण्णा म्हणाले. "वेळ ढोलकीपासून मोजायची की पावलापासून, याविषयी नियमांत संदिग्धता आहे. शिवाय एवढ्या गोंगाटात घंटा रंगमंचावर ऐकू जाणं शक्यच नाही. हा निर्णय एका युक्तिवादात फिरेल."

"भेटायचं नाही," गोदावरीबाई म्हणाल्या. "गुण बरोबर कापलेत. घंटा आम्ही ऐकली होती."

"ऐकली होती?"

"दोन्ही वेळा," मनुबाई म्हणाल्या.